दोन हाकांना ओ नाही

२ ऑक्टोबर

आले एकदाची! विमानात शेजारच्या बाईला माझ्या सगळ्या नातवंडांची नावं, कुणाला गोवर कधी आला, कोण कुणाशी अबोला धरून आहे, सगळं सांगून झालं. उतरताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून विमान किती हललं ते कळलंच नाही. चांगली होती बिचारी. तिला आमच्या बेरांचा, त्या रानातल्या आंबट फळांचा, जाम द्यायला हवा होता, पण तो पेटीत तळाशी.

विमानतळाच्या दारात माझी नात कॅलिस्टा लाल टोपी घालून उभी. मला लांबून दिसावी म्हणून. मी म्हटलं, अगं म्हातारी झालेय, आंधळी नाही. तर म्हणते, आंधळी नाहीस गं आजी, पण बोलण्याच्या नादात भलत्याच कुणाच्या गाडीत जाऊन बसली असतीस.

घर छान आहे. मार्टेल गावाच्या अगदी टोकाला, लाकडी, पिवळ्या रंगाचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवर ग्रंथालयाचं कोठार. कोठार म्हणजे पुस्तकांचं नव्हे. तिथे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. माझी नात तिथे काम करते आणि सोमवारपासून मीही. मी! जिची शाळा तिसरीत सुटली, कारण मास्तरीणबाई वाऱ्याला कंटाळून बोटीत बसून गेल्या आणि दुसरी कुणी आली नाही. ती मी आता देशाच्या ग्रंथालयात नोकरीला. इग्नेशस असता तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसला असता. इग्नेशस म्हणजे माझा नवरा. देव त्याला सुखात ठेवो, हसायचा फार.

सगळ्यात चांगलं काय, तर इथे धुकं नाही. समुद्रच नाही तर धुकं कुठून येणार. नदीवर सकाळी जराशी वाफ, तीही चहा होईपर्यंत जाते. माझा जन्म धुक्यात गेला. आमच्या स्किफ बेटावर उन्हाळ्यात स्वतःचं कुंपण दिसलं तरी आम्ही एकमेकांना बोलावून दाखवायचो.

ही वही कॅलिस्टाने दिली. म्हणाली, मी कामावर असताना हिच्याशी बोल. वहीबाई, तुझं काही खरं नाही आता.

५ ऑक्टोबर

आज कामाचा पहिला दिवस. कानांवर मऊ टोपरं बसवलं आणि म्हणाले, ऐका. बस! ऐकण्याचे पैसे मिळतात हे ठाऊक असतं तर मी लग्नाआधीच इथे आले असते.

गोष्ट अशी. मी लहान असताना एक प्राध्यापक भलंमोठं यंत्र घेऊन आमच्या बेटावर आला होता. उन्हाळाभर राहिला आणि ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात बसून गाणी, गोष्टी, भांडणं, सगळं टेपवर भरून घेऊन गेला. पुढे सरकारने बेट रिकामं करवलं. आम्ही घरं ओंडक्यांवर चढवली आणि बोटींनी ओढत खाडीपार नेली. आता तिथे फक्त चर्चचा पाया आहे. आमची बोली समजणारी माणसं एका बाकावर मावतील. यंत्राला तर ती मुळीच कळत नाही. म्हणून मी. मी ऐकते, काय म्हटलंय ते साध्या भाषेत सांगते आणि कॅलिस्टा लिहून घेते.

तिने मला इथली रीत समजावली. ही टेप एका जागी ठेवत नाहीत. तीन देशांच्या ग्रंथालयांनी मिळून ठरवलंय. एक प्रत आमच्या टेकडीवर, एक समुद्रापलीकडे, एक पार उत्तरेकडे बर्फात. दर फेरीला, म्हणजे एक शुक्रवार सोडून, तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतात. यंत्रं म्हातारी होतात, आतलं काही नासतं, अक्षर गळतं. दोन प्रती सारख्या आणि तिसरी वेगळी निघाली, तर दोघींचं ऐकून तिसरीला दुरुस्त करायचं.

मी म्हटलं, हे काय नवीन? आमच्याकडे बटाट्याचं बियाणं असंच ठेवायचे. पॉमरॉयांचं आमच्याकडे, आमचं विफेनांकडे, विफेनांचं पॉमरॉयांकडे. एकाचं सडलं की दुसऱ्याकडून आणायचं. कॅलिस्टा टाळी वाजवून म्हणाली, आजी, हे मी बैठकीत सांगणार. मग मला आठवलं की एका वर्षी सड याच वाटेने तिन्ही घरांत गेली होती. पण ते सांगायचं राहिलं, चहा आला.

उत्तरेकडच्या कोठारात सिग्रिड नावाची बाई आहे. पडद्यावर भेटली. गाल लाल, केस पांढरे, लोकर विणत विणत बोलते. पलीकडच्या किनाऱ्यावर फिनबार म्हणून एक बुवा. तो म्हणाला, बाई, तुमचं बोलणं ऐकून माझी पणजी जिवंत झाली. मी म्हटलं, मग तिला सांगा चहा टाकायला. तिघंही हसली. मला ही नोकरी फार आवडली आहे.

८ ऑक्टोबर

आज आईचा आवाज ऐकला.

रडले नाही. म्हणजे जराशी रडले, पण आनंदानेच. कॅलिस्टा घाबरून पाणी आणायला धावली.

आई दारात उभी राहून पोरांना जेवायला हाका मारतेय. मागे कुठेतरी कोंबड्या. प्राध्यापकाने यंत्र तसंच चालू ठेवलेलं असणार. लिअँडर! लिअँडर! लिअँडर! आणि माझा भाऊ लांबून ओ देतो. मग फिलोमिना! तीनदा. ओ देणारी ती बारीक किनरी मी! कॅलिस्टा म्हणते, आजी, तू तेव्हाही सगळ्यांत मोठ्याने ओरडायचीस.

आई प्रत्येकाला तीनदा हाक मारायची. आमच्या बेटावर सगळेच मारायचे. धुक्यात कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायचा नाही. एक हाक झाली, गप्प. दोन झाल्या, तरी गप्प. तिसरी आली तर ते माणूस. कारण धुक्यातल्यांना दोनच श्वास असतात, तिसरी हाक त्यांना पुरत नाही. आम्ही त्यांना ‘भली माणसं’ म्हणायचो, वाईट म्हटलं तर राग येईल म्हणून. एकदा का ओ मिळाला की ओ देणाऱ्याला घेऊन ती निघून जातात. ज्याचं नाव घेतलं तोच हवा असं नाही. जो ओ देईल तो.

हे मी कॅलिस्टाला ती पाळण्यात असल्यापासून सांगत आले. तिची आई माझ्यावर चिडायची की पोरगी फोनसुद्धा तिसऱ्या घंटीशिवाय उचलत नाही.

टेपवर सगळ्यात शेवटी आई ब्राइडला हाक मारते. तीनदा.

ब्राइड माझी धाकटी बहीण. टेप भरली त्याच्या आधीच्या वर्षी ती धुक्यात गेली. आम्ही दोघी बेरं वेचत होतो. तिने दुसऱ्या हाकेला ओ दिला. मी तिचा झगा धरला, तो माझ्या हातातून ओल्या माशासारखा सुटला. आठवडाभर सगळे पुरुष शोधत होते. एक बेर सापडलं नाही.

त्यानंतरही आई रोज जेवायच्या वेळी तिला हाक मारायची. तीन हाका, आणि मग थांबायची. टेपवर ते थांबणं आहे. लांबलचक, मोकळं, कोंबड्यासुद्धा गप्प. कॅलिस्टाने लिहिलं, शांतता. मी म्हटलं, शांतता नाही गं, ती वाट बघतेय.

१२ ऑक्टोबर

आज सुगीच्या आभाराचा सण. कॅलिस्टाने टर्की भाजली, जरा कोरडी झाली, मी चांगलीच झालीय म्हणून दोनदा घेतली. मी खारं गोमांस आणि कोबी उकडला. शेजारच्यांनी वासावर येऊन भोपळ्याची पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, दिली. त्या घरातला पोरगा म्हणाला, आजी, तुम्ही बोलता ते इंग्रजीच आहे का? मी म्हटलं, बाळा, हेच इंग्रजी आहे, तुम्ही बोलता ती त्याची सावली.

जेवताना कॅलिस्टा हसत हसत म्हणाली, अगं आजी, तुझी भली माणसं बॅग भरून तुझ्या मागोमाग आली वाटतं. सकाळी गाडीपाशी उभी होती, नदीवरची वाफ जराशी वर आली होती आणि कुणीतरी तिला हाक मारली. एकदाच. मी विचारलं, ओ दिलास? तर म्हणते, वेडी आहेस का, तुझी नात आहे मी. वाट बघितली, दुसरी आलीच नाही.

मी पण हसले. नंतर तिच्या कोटाच्या खिशात पावाचा तुकडा ठेवला. बेटावर बेरं वेचायला जाताना आई ठेवायची, भली माणसं लांब राहावीत म्हणून. तोंडाने काही म्हटलं नाही, उगाच पोरीला चिडवायला कारण.

१४ ऑक्टोबर

आज मला एका भानगडीत न्यायाधीश केलं. काय मान!

झालं असं, की आईची ती टेप तिन्ही कोठारांत सारखी नाही. आमच्याकडे आणि फिनबारकडे शेवटी ते थांबणं आहे. सिग्रिडच्या प्रतीत त्या थांबण्यात एक हाक आहे. एकच, फार लांबून.

मी म्हटलं, दोन विरुद्ध एक, करा की दुरुस्त. तर सिग्रिड पडद्यावरून विणता विणता म्हणाली, नेहमी तसंच करतो, पण दोघींकडे रिकामं आणि एकीकडे आवाज असला तर आधी माणसाला विचारायचं. आवाज पुसला जाऊ शकतो, तो आपोआप उगवत नाही. म्हणजे कदाचित तिचीच प्रत खरी आणि बाकी दोघींचं गळलं.

मला ऐकवलं. वाऱ्यात विरलेली हाक. शेवटचं तेवढं स्पष्ट, …श्टा. मला लगेच ओळखू आली! ऑगस्टा! माझी ऑगस्टा आत्या शेजारच्याच घरात राहायची, एकटी होती, आई तिलाही जेवायला बोलवायची. मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले आणि कानांवरची वायर उपटली. म्हटलं, हीच खरी! ठेवा!

त्यांची काळजी बघ. एकाच फेरीत दोन घरांना हात लावत नाहीत, चूक झाली तर सगळीकडे एकदम होऊ नये म्हणून. या शुक्रवारी फिनबारची प्रत दुरुस्त होईल. आमची पुढच्या फेरीला.

घरी येऊन टाउटन तळले, म्हणजे पावाच्या कणकेच्या जाड पुऱ्या, वर काकवी. ऑगस्टा आत्याला फार आवडायचे. तिच्या नावाने एक जास्त खाल्ला.

१७ ऑक्टोबर

काल फिनबारची प्रत झाली. त्याने सांगितलं, आता दोघींकडे ऑगस्टाबाई आहेत.

आणि आज मार्टेलमध्ये धुकं आलं. वाफ नव्हे. धुकं. खाऱ्या वासाचं. दुकानातली बाई म्हणाली, तीस वर्षांत असलं बघितलं नाही, वास कसला आहे हा? मला ठाऊक होतं कसला आहे. ओहोटीनंतर खडकांवर शेवाळ पडतं त्याचा.

कॅलिस्टा पिठासारखी पांढरी होऊन घरात आली आणि मग स्वतःलाच हसली. म्हणाली, आजी, आज दोनदा. कोठाराच्या दारापासून गाडीपर्यंत जाताना. माझं नाव, अगदी नीट, दोनदा. मी थांबले, तिसरी आली नाही.

मी विचारलं, आवाज कसला? बाईचा की पुरुषाचा?

तर ती जरा विचार करून म्हणाली, तुझ्यासारखा.

२० ऑक्टोबर

आज मी ती जागा परत ऐकायला मागितली. आवाज वाढवून.

ऑगस्टा नाही.

पहिलं अक्षर आता ऐकू येतं. ‘क’ आहे. कॅलिश्टा.

आमच्या बेटावर या नावाची कुणी नव्हती. गाय नाही, बोट नाही, कुणी नाही. नाव माझ्या सुनेने ठेवलं, कुठल्याशा मासिकात बघून. टेप भरली तेव्हा सून जन्मलीही नव्हती.

आणि आई ‘स’ नीट म्हणायची. आमच्या घरात ‘स’चा ‘श’ करणारी एकच होती. पुढचे दात पडलेले आणि जीभ मध्ये यायची. शाबण म्हणायची, शमुद्र म्हणायची. आईचा आवाज काढून आम्हाला फसवायची, हुबेहूब आई. लिअँडर तिला म्हणायचा, ‘श’वरून पकडलं गं तुला.

हा ब्राइडचा आवाज आहे. ब्राइड त्या टेपवर असूच शकत नाही.

आई रोज थांबायची, उत्तर यावं म्हणून. आलं ते. इतक्या वर्षांनी, त्या थांबण्यातच आलं. आणि मी म्हटलं, हीच खरी, ठेवा.

२२ ऑक्टोबर

सिग्रिडशी बोलले. मी काही सांगायच्या आधी तीच म्हणाली, बाई, एक विचारू? तुमच्या नातीला इथे कुणी ओळखतं का? त्यांच्या कोठाराच्या बोळात कुणीतरी तिच्या नावाने हाक मारतं. लहान मुलगी असावी. नेहमी एकदाच. आज तिच्या हातात लोकर नव्हती.

फिनबारनेही मान हलवली. त्याच्याकडे शुक्रवारपासून. एकदाच. हसत नव्हता तोही.

प्रत्येक घरातून एकदाच, आणि कॅलिस्टाला इथे ऐकू आल्या त्या दोन त्याच.

मला कळलं. तिला दोनच श्वास होते. एका जागी तिसरी हाक तिला पुरत नव्हती. पण आता जागा तीन आहेत. तीन घरं, एकेक श्वास. आम्हीच तिला घरं दिली, बियाण्यासारखी.

आणि कॅलिस्टा तिसऱ्या हाकेला ओ देणार. मीच शिकवलंय. तिसरी हाक माणसाची.

२३ ऑक्टोबर

कॅलिस्टाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गुणाची आहे. मग माझे हात हातात घेऊन म्हणाली, आजी, तू दमली आहेस. आईचा आवाज ऐकलास ना, मी तुला आणायलाच नको होतं.

मी म्हटलं, मला पलंगावर झोपव, वेडी म्हण, काय हवं ते कर, पण आपली प्रत तेवढी दुरुस्त करू नकोस. तर म्हणाली, ते माझ्या हातात नाही. तीन देशांची रीत आहे. एका घराने हट्ट धरला म्हणून थांबत नाही, म्हणूनच तर ती रीत. आता दोघींचं एक आहे, यंत्र कुणाला विचारणार नाही. मग थोडं हसून, मला बरं वाटावं म्हणून, आता वेगळी पडलीस ती तूच, आजी.

मी म्हटलं, मग निदान मला शब्द दे. तिसऱ्या हाकेलाही ओ देणार नाहीस.

त्यावर चिडली. पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. म्हणाली, जन्मभर सांगितलंस की तिसरी हाक माणसाची. आता तीही नाही? आणि त्या धुक्यात तूच कुठे पडलीस, पाय मोडून, आणि मला हाक मारलीस, तर? ऐकून निघून जाऊ? तुझाच आवाज असेल तर?

मी परत शब्द मागितला.

शब्द दिला नाही तिने.

२६ ऑक्टोबर

धुकं उठत नाही. टेकडी दिसत नाही. शेजारचं घरही अर्धंच.

सिग्रिडने तिच्याकडून हरकत नोंदवली. एकटीची. फिनबारला वरून परवानगी नाही. तो म्हणाला, बाई, मी काय सांगू त्यांना? दोन प्रती सारख्या आहेत, यात वाईट काय ते मलाच सांगता येत नाही.

सारखं असणं म्हणजे खरं असणं नव्हे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला ते नीट मांडता आलं नाही. मी बटाट्यांचं सांगत बसले.

२८ ऑक्टोबर

मला घरीच थांबायला सांगितलंय. विश्रांती.

आज दिवसा, भांडी घासताना, खिडकीच्या काचेपाशी — एकदा. दारापाशी — एकदा. माझं नाव नाही. तिचं.

वाटलं होतं भीती वाटेल. वाटली. पण त्या ‘श’ला मी नळ बंद करून कान दिला. किती लहान आवाज आहे. ती मोठीच झाली नाही. मला नातवंडं झाली, केस गेले, गुडघे गेले, आणि ती अजून दात यायची वाट बघतेय.

आईनंतर तिला जेवायला कुणी बोलावलंच नाही. आईने बोलावलं, तर बाहेर यायला वाट नव्हती.

पण माझी पोरगी तिला द्यायची नाही. नाही म्हणजे नाही.

२९ ऑक्टोबर

खिशात पाव ठेवला. शिवून टाकला, आतून. कॅलिस्टाला कळलं नाही.

उद्या फेरी. दुपारी. त्या वेळी ती कोठारात असते, मग गाडीकडे जाते. मोकळ्या जागेतून. धुक्यातून.

म्हटलं, उद्या जाऊ नकोस, ताप आलाय म्हण. म्हणाली, आजी, फेरीची जबाबदारी माझी आहे.

माझ्या कपाळाचा मुका घेतला. मिठी मारली. तिच्या केसांना आत्ताच समुद्राचा वास —

३० ऑक्टोबर

ती गेली. कोट खुर्चीवर तसाच. दुसरा घालून गेली. जाड, पावसाचा. पाव इथे, माझ्या हातात.

फोन लागत नाही. आत जाताना फोन बाहेर पेटीत ठेवतात. सिग्रिडलाही लागत नाही.

चालत निघाले होते. फाटकापर्यंत. फाटकाच्या पुढे काही नाही. स्वतःचे हात दिसेनात. परत आले, नाही तर मीच तिकडे पडेन आणि तिला हाक मारेन, आणि तेच हवंय त्याला — तिला —

बसून विचार केला. शांतपणे. चहा केला, डब्यातलं दूध घालून. टाउटन तळून झाकून ठेवलेत, कॅलिस्टा, काकवी वरच्या फळीवर. गरम करून खा, गार खाऊ नकोस.

एक गोष्ट आठवली. ज्याचं नाव घेतलं तोच हवा असं नाही.

जो ओ देईल तो.

आणि ओ मिळाला की ती निघून जातात.

मग मला तिसरीची वाट बघायची गरजच नाही. गरज तिला आहे, माझ्या नातीला. नियम पाळणारी माझी शहाणी पोर. तिसरीपर्यंत थांबेल ती, नक्की थांबेल. मीच शिकवलंय ना. तेवढा वेळ मला पुरे.

वही घेऊन दारात बसले. दार उघडं. धुकं उंबऱ्यापर्यंत. आत येत नाही, थांबलंय. आई थांबायची तसं.

लांबून. उत्तरेकडून आल्यासारखी.

एक झाली.

किती गं बारीक आवाज. लिअँडरने आत्ता पकडलं असतं तुला.

भीती वाटतेय. पण मला वाटलं होतं तेवढी नाही. खरं सांगू, थोडं बरंही — आईच्या नंतर कुणी तिला ओ —

दोन.

जवळ. फाटकाशी. टेकडीवरही गेली असेल आत्ता, तिथेही थांबली असेल माझी पोर, लाल टोपी घालून, तिसरीसाठी कान देऊन —

नको. बस. ब्राइड, इकडे बघ. ती नाही, मी. फिलो. झगा सुटला होता ना हातातून, या वेळी तू धर. जेवण वाढलंय, आई बोलावतेय, किती वर्षं बोलावतेय, चल —

ओ! ओ, ब्राइड, आले गं, ओ —